परवाना मिळाला, आता .३२ पिस्तूल घ्यावं की रिव्हॉल्व्हर?

चंदेरी_कडं

मंडळी, नमस्कार. इथं बहुतेक पाककृती आणि राजकारणच चालतं, पण कुणीतरी जाणकार सापडेल म्हणून विचारतोय.

चांदीचा पिढीजात धंदा. जिल्हा कोल्हापूर, गाव ओळखणारे ओळखतीलच. माल आणि रोकड घेऊन ये-जा असते. ओळखीतल्या एकाला रस्त्यात अडवलं तेव्हापासून घरच्यांनी लकडा लावला होता. अर्ज केला, पोलीस चौकशी झाली, प्रशिक्षणाचा दाखला जोडला आणि परवाना हातात आला. नॉन-प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला चालणाऱ्या मापाची, एक हँडगन.

आता घोळ असा की जो भेटेल तो वेगळंच सांगतोय. चुलतभाऊ फौजदार आहे, तो म्हणतो ९ एमएम सोडून बाकी सगळी खेळणी. दुकानदार म्हणतो पिस्तूल घ्या, चपटं असतं, शर्टाखाली दिसत नाही. सासरे म्हणतात रिव्हॉल्व्हर घ्या, ते दगा देत नाही. मला एवढंच कळतं की वेळ आली तर वाजलं पाहिजे आणि वेळ नसताना वाजता कामा नये.

दुसरं, पोरगी नववीत आहे. दुधाळीच्या रेंजवर एअर पिस्तूल शिकायला जाते. आतापर्यंत तिथलंच वापरत होती, आता स्वतःचं घ्या म्हणतात. त्याबद्दलबी कुणी सांगा की राव.

वळीव

पिस्तुलातलं काही कळत नाही, पण पहिलं काम हे करा: धंदा, जिल्हा आणि "रोकड घेऊन ये-जा" हे तिन्ही शब्द धाग्यातून काढा. अख्ख्या जगाला सांगून ठेवलंत की!

चंदेरी_कडं

:) जिल्ह्यात चांदीवाले काय कमी हायत का वळीवराव? पण मुद्दा पटला, संपादकांना कळवतो.

संपादक

धागा चालू ठेवत आहोत. चर्चा परवानाधारकांच्या निवडीपुरती ठेवावी. खरेदी-विक्रीच्या जाहिराती, "कुठे स्वस्तात मिळेल" अशा चौकश्या आणि गावठी कट्ट्यांचे किस्से उडवले जातील.

आर्मोरर_काका

सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे दुरुस्ती विभागात, आर्मोरर होतो, सगळी नोकरी हत्यारं उघडण्यात आणि बसवण्यात गेली. जमेल तेवढं सांगतो.

आधी भावाचा मुद्दा. ९ एमएम पॅराबेलम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर आहे. त्याचा परवाना केंद्रीय गृहखात्याच्या हातात, जिल्हाधिकाऱ्यांच्या नाही. त्यामुळे तो विषय तुमच्यापुरता संपला. तुम्हाला बाजारात मुख्यतः दोनच गोष्टी दिसतील: .३२ एसीपीचं पिस्तूल आणि .३२ एस अँड डब्ल्यू लाँगचं रिव्हॉल्व्हर. दोघांनाही लोक "बत्तीस" म्हणतात. काडतुसं मात्र पूर्ण वेगळी, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. दुकानात नुसतं "बत्तीसची द्या" म्हणू नका, डब्यावरचं पूर्ण नाव वाचून घ्या.

देशी मालात पिस्तूल म्हणजे इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीची अशनी. रिव्हॉल्व्हर कानपूरचं, जुन्या वेब्लीच्या धर्तीचं, मधून मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं. त्याचंच टायटॅनियम मिश्रधातूतलं हलकं रूप म्हणजे २०१४ साली आलेलं निर्भीक, साधारण अर्ध्या किलोचं. २०२३ मध्ये कानपूरनंच प्रबल काढलं, त्याचं सिलिंडर, म्हणजे गोळ्यांची फिरती चकरी, बाजूला उघडतं. काडतुसं आपल्या खडकीची, बुडावर "केएफ" ठसा असतो तीच.

विलायती जुन्या मालाच्या नादी लागू नका. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला आयात बंद आहे, म्हणून आजोबांच्या काळचं वॉल्थर किंवा वेब्ली आजही लाखांत विकलं जातं. किंमत दुर्मिळतेची असते, चालण्याची नाही. आत ऐंशी वर्षांची स्प्रिंग असते आणि सुटा भाग मिळत नाही.

आता भरवशाचं. कंपनीचं नाव हा त्यातला एक चतुर्थांश भाग. हत्यार, मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी), काडतूस आणि धरणारा हात, या चारांपैकी एक जरी बिघडला तरी पिस्तूल अडतं. आणि माझ्याकडे "बिघडलंय" म्हणून जी पिस्तुलं यायची त्यात खुद्द पिस्तूल बिघडलेलं क्वचितच असायचं. बहुतेकदा मॅगझिनचे वरचे ओठ वाकलेले, नाहीतर स्प्रिंग बसलेली.

.३२ एसीपीचं एक खास दुखणं आहे, ते दुकानदार सांगणार नाही. हे काडतूस १८९९ चं, ब्राउनिंगच्या पहिल्या पिस्तुलांसाठी केलेलं. त्याच्या बुडाची कड केसच्या, म्हणजे पितळी कवचाच्या, अंगाबाहेर किंचित आलेली असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे जाऊन बसली, की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, वरच्याला पुढे ढकलते आणि ते खालच्यात अडकून जागेवर रुततं. याला रिमलॉक म्हणतात. साधं अडकलेलं पिस्तूल मॅगझिनच्या बुडावर थाप मारून स्लाइड ओढली की बहुधा सुटतं, हे सुटत नाही. मॅगझिन काढून बोटानं सोडवावं लागतं, आणि तेवढा वेळ रस्त्यावर कुणी देत नाही. म्हणून भरताना प्रत्येक नवीन काडतुसाची कड खालच्याच्या पुढे आहे ना हे डोळ्यांनी बघायचं. पोकळ टोकाची काडतुसं लांबीला आखूड पडतात, त्यांना मॅगझिनमध्ये मागेपुढे सरकायला जागा मिळते, तिथं हा धोका वाढतो. गोल टोकाची, गोळीवर पूर्ण धातूचं आवरण असलेली वापरा.

दोन मॅगझिन असतील तर बुडावर नेलपॉलिशचा ठिपका द्या, एकावर एक, दुसऱ्यावर दोन. पिस्तूल अडलं की कोणत्या ठिपक्याचं होतं ते लिहून ठेवा. तीनदा तोच ठिपका आला की ते मॅगझिन बाद.

टेक्सासचा_तात्या

ह्यूस्टनहून राम राम. काकांचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवावा असा.

इकडचा हिशेब सोपा आहे. नवीन पिस्तूल घेतलं की रेंजवर साध्या सरावाच्या गोळ्या भरपूर मारायच्या आणि जी गोळी रोज बाळगणार तिच्या निदान दोनशे. एकही अडली नाही तरच कमरेला. माझ्याकडे ग्लॉक १९ आहे. दिसायला वीट, पण भाग मोजके, बाहेर सेफ्टीचं बटण नाही, ट्रिगर दर वेळी सारखाच. ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १९८० च्या दशकात थोरलं भावंड १७ घेतलं तेव्हा प्लॅस्टिकचं पिस्तूल म्हणून लोक हसले होते.

काडतुसाच्या आकाराबद्दलही सांगतो, कारण भाऊ ९ एमएम म्हणाले. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयचे दोन एजंट चकमकीत गेले. खापर ९ एमएमच्या गोळीवर फुटलं. मग १० एमएम आणलं, ते बहुतेकांच्या हाताला झेपेना, मग .४० आलं, आणि शेवटी २०१५-१६ च्या सुमारास स्वारी परत ९ एमएमवर. तीस वर्षांत गोळ्या सुधारल्या हे खरं, पण ज्या गोळीनं माणसाचा नेम लागतो ती गोळी बरी, हेही कळलं.

अवांतर: इकडे एच-१बीवर असलेल्यांनी हे वाचून दुकानात धावू नये. टेक्सासात २०२१ पासून बाळगायला परमिट लागत नाही हे खरं असलं तरी केंद्राचा कायदा तात्पुरत्या व्हिसावाल्यांना मोजके अपवाद सोडून हत्यार ठेवू देत नाही.

आर्मोरर_काका

तात्या, दोनशे गोळ्या तुमच्याकडे एका दुपारचा खेळ. इथं परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घेता येतील ते लिहिलेलं असतं, आणि तो आकडा बघून तुम्हाला रडू येईल. त्यात ती महाग. इथला माणूस दोनशे झाडून बघू शकत नाही, म्हणूनच इथं निवड वेगळी करावी लागते.

पंचनामा

निवृत्त पोलीस. आमच्या वेळी .३८ चं रिव्हॉल्व्हर होतं, मग ९ एमएम १ए आलं. ते मूळ ब्राउनिंग हाय-पॉवर. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात इंग्लिस कंपनी करायची, तोच साचा पुढे इच्छापूरला आला. १३ गोळ्यांचं मॅगझिन, लोखंडाचा गोळा, पण हातात धरलं की नीट बसतं. लोक त्याला नावं ठेवतात. माझं मत वेगळं आहे: ज्याचं मॅगझिन त्याच पिस्तुलाबरोबर राहिलं आणि ज्याच्या स्प्रिंगा वेळेवर बदलल्या, ते १ए भरवशाचं. एका ठिकाणी, नाव घेत नाही, सगळी मॅगझिनं एकाच खोक्यात पडलेली असायची. सकाळी ज्याच्या हाताला जे लागेल ते. अशा ठिकाणी तात्यांचं ग्लॉक ठेवा, वर्षभरात तेही बदनाम होईल.

ड्युटीच्या हत्याराचा आणि खासगी हत्याराचा हिशेब एक नाही. ड्युटीवरचा माणूस गणवेशात असतो, हत्यार उघड्यावर असतं, सोबत माणसं असतात, धोक्याच्या दिशेनं जाणं हेच त्याचं काम. त्याला गोळ्या जास्त हव्यात, पटकन भरता यायला हवं. तुमचं काम निसटून घरी येणं आहे. सहा गोळ्या संपेपर्यंत तुम्ही तिथं उभे असाल तर चूक पिस्तुलाच्या निवडीत झालेली नसणार.

भावाला सांगा, त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे.

चंदेरी_कडं

फौजदारसाहेब हा धागा वाचतायत. गप आहेत.

मग काका, काडतुसं कमी मिळतात म्हणजे रिव्हॉल्व्हरकडं झुकताय का तुम्ही?

आर्मोरर_काका

झुकतोय नव्हे, तुमच्यासाठी तेच सांगतोय. कारण ऐका.

पिस्तूल प्रत्येक गोळीच्या जोरावर पुढची गोळी भरतं. गोळी थोडी कमजोर निघाली किंवा घाबरून मनगट ढिलं पडलं, की स्लाइड पुरती मागे जात नाही. रिकामी केस स्लाइडच्या खिडकीत उभी अडकते. हे सोडवायला हाताला सवय लागते, सवय सरावाने लागते, आणि सरावाला काडतुसं लागतात. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी वाजली नाही तर चाप पुन्हा ओढायचा, दुसरी समोर येते. मनगट ढिलं असलं तरी सिलिंडर फिरतं. वर्षातून मोजकेच बार काढणाऱ्याला ही सूट मोठी आहे.

सासऱ्यांचं "दगा देत नाही" हे मात्र अर्धसत्य. रिव्हॉल्व्हर कमी वेळा अडतं, पण अडलं की जागेवर सुटत नाही. रिकाम्या केसेस वर उचलणारी चांदणीसारखी चकती असते, तिच्याखाली न जळलेल्या दारूचे दोन कण जरी राहिले तरी सिलिंडर घासायला लागतं आणि चाप दगडासारखा होतो. म्हणून केसेस काढताना नळी आभाळाकडे ठेवायची, म्हणजे कचरा खाली पडतो, चकतीखाली जात नाही. आणि साफ करताना पहिला ब्रश तिथं.

दुसरी अडचण, घोडा न चढवता नुसता चाप ओढून मारायचं तर ओढ जड लागते. नवशिक्याची गोळी खाली डावीकडे जाते. यावर उपाय मोफत आहे. खोलीत काडतूस नाही, खिशात नाही, दोनदा उघडून बघितलं, मग डमी काडतुसं घालून भिंतीवरच्या ठिपक्यावर चाप ओढत बसा. नळीवरच्या पुढच्या माशीचं, म्हणजे नेम धरायच्या खुणेचं, टोक हललं नाही पाहिजे. रोज थोडं केलं तर तुम्ही वर्षाची सगळी काडतुसं उडवणाऱ्यापेक्षा नीट माराल.

अशनी वाईट नाही. जो माणूस महिन्यातून एकदा तरी रेंजवर जाणार आणि मॅगझिनची निगा राखणार त्यानं ती खुशाल घ्यावी.

काळा_कोट

नागपूरहून. वकिली करतो, म्हणून थोडं रुक्ष लिहितो.

एक, परवाना कुठे चालतो ते वाचा. महाराष्ट्रापुरता की संपूर्ण भारत? तुम्ही कोल्हापूरवाले आहात. निपाणीला माल द्यायला निघालात आणि कोगनोळी आली की कर्नाटक सुरू. परवाना राज्यापुरता असेल तर तिथं तुमचं कायदेशीर हत्यार बेकायदेशीर होते.

दोन, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. त्याच दुरुस्तीत लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत. मेहुण्याच्या वरातीला हत्यार घरी.

तीन, स्वसंरक्षण. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ पाहायची, पूर्वीची ९६ ते १०६. दरोडा, जबरी चोरी, जिवाची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, अशा वेळी हक्क मोठा आहे. पण थैली घेऊन पाठ फिरवून पळणाऱ्यावर गोळी झाडाल तर भीती संपलेली होती की नाही हे न्यायालयात तुम्हाला समजावून सांगावे लागेल, तेही बरीच वर्षे.

चार, निवडणुकीची आचारसंहिता लागली की जमा करण्याची नोटीस येते. जमा करताना पावती घ्या आणि हत्याराचा क्रमांक, मॅगझिनसह, पावतीवर लिहून घ्या बाप्पा!

अबोली

मला हा धागा वाचून धडकी भरली. घरात नववीतली मुलगी आहे, तिला पिस्तूल हाताळायला येतं, आणि त्याच घरात भरलेलं हत्यार येणार. माल विमा काढून सुरक्षित वाहतूक करणाऱ्यांकडून पाठवता येतो, रोकड कमी करता येते, वेळ आणि रस्ता बदलता येतो. हे सगळं करून झालंय का दादा?

चंदेरी_कडं

ताई, रोकड बरीच कमी केलीय, जास्तीचं बँकेतनंच. माल पाठवायचा विमा आहे, पण छोट्या कारागिरांकडं रोजची देवाणघेवाण आपल्यालाच करावी लागते. घरातलं म्हणाल तर त्याची भीती मलाबी आहे.

पंचनामा

अबोलीताई बरोबर विचारतायत. नोकरीत मी जे घरातले अपघात पाहिले त्यात चोर कुठेच नव्हता. उशीखाली, कपाटात साड्यांच्या घडीत, गाडीच्या डॅशबोर्डात ठेवलेलं हत्यार, आणि घरातलंच कुणीतरी.

भिंतीत ठोकलेली लोखंडी पेटी घ्या. हत्यार एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. किल्ली तुमच्या कमरेला, देवघराच्या खुंटीला नाही. घरी आल्यावर पहिलं काम हत्यार रिकामं करणं, चहा नंतर.

दुधाळीकर

थोडा उशिरा आलो. पोरांना पिस्तूल शिकवतो, त्यामुळे चंदेरींच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे.

अबोलीताई, रेंजवर शिकलेली मुलगी हत्याराबाबत घरात सगळ्यात शिस्तीची असते असा माझा अनुभव. तिचं बोट चापावर आपोआप जात नाही. तरीही पेटी हवीच.

एअर पिस्तूल: ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ आणि २० जूलच्या आत ताकद असेल तर परवाना लागत नाही. स्पर्धेची सगळी एअर पिस्तुलं त्याच्या बरीच खाली असतात. ओळखपत्र मात्र द्यावं लागतं.

नियम आधी सांगतो, कारण त्यावर निवड ठरते. वजन १५०० ग्रॅमपर्यंत, चापाची ओढ किमान ५०० ग्रॅम. लक्ष्य १० मीटरवर, दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर. साठ गोळ्या, ७५ मिनिटं. त्या साठ गोळ्या सारख्याच वेगानं बाहेर पडणं, हा इथला भरवसा.

नावं तुम्ही ऐकली असतील: मोरिनी, स्टेयर, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी. सगळी उत्तम. यांच्यातल्या फरकानं तुमच्या मुलीचा एक गुणही हलणार नाही. गुण हलेल तो ग्रिपनं. लाकडी ग्रिप छोट्या, मध्यम, मोठ्या मापात येते, आणि पायाला चप्पल बसावी तशी हाताला बसली पाहिजे. डोळे मिटून हात उचलायचा, उघडले की दोन्ही माश्या आपोआप रांगेत दिसल्या पाहिजेत. दिसल्या नाहीत तर लाकूड घासा, पिस्तूल बदलू नका. आणि नववीतल्या मुलीचा हात अजून वाढणार, म्हणून मोठं माप आत्ताच घेऊन ठेवायचा मोह टाळा.

सेकंडहँड खुशाल घ्या, नेमबाज मंडळी नीट जपतात. फक्त हवेचं सिलिंडर बघा. त्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते, दहा वर्षं उलटली की स्पर्धेत चालत नाही. दोनशे बार दाबाची हवा आत असते, त्यामुळे हा नियम नुसता कागदी नाही. पालक पिस्तूल घासाघीस करून स्वस्तात आणतात आणि मग सिलिंडरला पैसे मोजतात.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर की साधा? इलेक्ट्रॉनिक लोण्यासारखा सुटतो, पण बॅटरी आणि सर्किट आलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत बराच वेळ गेला, उरलेल्या वेळात घाईघाईनं मारून ५७५ झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. जगातलं उत्तम यंत्र, उत्तम निगा, तरीही. तिनं पुढं पॅरिसला २०२४ मध्ये दोन कांस्यपदकं काढली ती गोष्ट वेगळी. पहिलं पिस्तूल मी पालकांना साध्या ट्रिगरचंच घ्यायला सांगतो.

टेक्सासचा_तात्या

सर, राही सरनोबत तुमच्याच रेंजची ना? तिचं एशियाडचं सोनं मी इकडे पहाटे उठून बघितलं होतं.

दुधाळीकर

राही कोल्हापूरचीच. २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण, तेही शूट-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवणाऱ्या जादा फेरीत. तिचा प्रकार .२२ चा, म्हणजे परवाना लागणारा. तिथं भरवशाचा अर्थ पुन्हा बदलतो.

.२२ चं काडतूस मेणचट असतं आणि प्रत्येक पिस्तुलाची आवड वेगळी. एकाला एली चालतं, दुसऱ्याला आरडब्ल्यूएस, तिसरं महागडं काडतूस थुंकून टाकतं आणि स्वस्तातलं एसके मजेत खातं. त्यामुळे काडतुसांचे दोन-चार प्रकार मारून बघितल्याशिवाय पिस्तुलाला नावं ठेवू नयेत. वेगाच्या फेरीत लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद झाकलं जातं. तीन सेकंदांत पिस्तूल अडलं तर काय करायचं? काही नाही. नळी लक्ष्याकडे तशीच ठेवायची, दुसरा हात वर करायचा आणि अधिकारी येईपर्यंत स्लाइडला बोटही लावायचं नाही. दोष पिस्तुलाचा ठरला तर फेरी पुन्हा मारायला मिळते. स्वतः ओढाताण केली की शून्य.

काका वर सांगतायत ते नेमकं उलटं, थाप मारा, ओढा, पुढचं बघा. म्हणून माझं मत असं की बापानं आणि लेकीनं एकमेकांच्या हत्यारावर सराव करू नये. दोन्ही सवयी एका हातात मुरल्या की भलत्या वेळी भलती बाहेर येते.

आणखी एक, .३२ एस अँड डब्ल्यू लाँग नुसतं रिव्हॉल्व्हरचं नाही. २५ मीटर सेंटर फायर प्रकारात त्याचीच सपाट तोंडाची काडतुसं वापरतात. मऊ, अचूक गोळी. चंदेरींना रिव्हॉल्व्हरनं कागदावर नीट गट मारता येईल, काळजी नको.

वळीव

होल्स्टर कसलं घ्यायचं हे कुणीच बोललं नाही. आमच्याकडे एक जण रुमालात गुंडाळून ठेवायचा.

आर्मोरर_काका

रुमालवाल्याला माझा दंडवत.

होल्स्टर कडक हवं, चाप पूर्ण झाकणारं, आणि हत्यार काढल्यावरही तोंड उघडं राहणारं. कोल्हापुरात चपला करणारे कारागीर सुंदर चामडं शिवतात, कुणी त्यांच्याकडून मऊ पाकीट शिवून घेतं. दिसतं छान. दोन वर्षांनी ते चामडं ढिलं पडतं, आत ठेवताना त्याची घडी चापाच्या कड्यात शिरते आणि वरून दाबलं की आपणच चाप ओढतो. शिवून घ्यायचं तर तोंडाला पत्र्याची किंवा दुहेरी कातड्याची पट्टी घालून घ्या. हत्यार बाहेर नेताना ते होल्स्टरमध्ये आणि झाकलेलं असावं.

पावसाळ्यात हत्यार रात्री चामड्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं, जुलै महिन्यात सकाळी नळीवर तांबूस ठिपके आणि पितळी काडतुसांवर हिरवा चिकटा. कोरड्या पेटीत, वेगळं. तेल नखावर मावेल एवढंच. काडतुसावर तेल अजिबात नको, ते प्रायमरमध्ये, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीत, झिरपलं की गोळी मुकी होते आणि आपण हत्याराला शिव्या घालतो.

अबोली

माझ्या शंकेला उत्तर मिळालं, धन्यवाद. मत बदललं नाही, पण पेटीवर इतकं बोलणं झालं हे बरं वाटलं.

चंदेरी_कडं

सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगतो.

कानपूरचं रिव्हॉल्व्हर घ्यायचं. हलकं घ्यावं की नेहमीचं, हे हातात घेऊन ठरवणार, हलकं जास्त उसळी मारतं म्हणतात. परवाना बघितला, महाराष्ट्रापुरताच निघाला. निपाणीचा माल आता तिकडचेच लोक येऊन नेतील, बोलणं झालंय. पेटी गवंड्याकडनं भिंतीत बसवून घेतली, हत्यार यायच्या आधीच. फौजदारसाहेबांनी किल्ली कुठं ठेवतो ते विचारलं, मी सांगितलं नाही, खूश झाले.

पोरीला साध्या ट्रिगरचं एअर पिस्तूल, सेकंडहँड बघतोय. सिलिंडरची तारीख आधी विचारली तर विकणारा म्हणाला, कुणी शिकवलं?

काका, एकच राहिलं. दुकानात रिव्हॉल्व्हर ताब्यात घेताना काय काय बघू?

आर्मोरर_काका

आधी उघडून रिकामं आहे हे स्वतः बघा, दुकानदारानं बघितलं असलं तरी. परवान्यावरचा आणि बॉडीवरचा क्रमांक अंकन्‌अंक जुळवा. नळीत उजेडाकडून बघा, मध्ये काळी गोल सावली दिसली तर तिथं नळी फुगलेली आहे, घेऊ नका. घोडा हळूहळू चढवा, पूर्ण चढायच्या आत सिलिंडर खट्‌कन जागेवर बसलं पाहिजे. मग चाप दाबून धरूनच सिलिंडर बोटांनी हलवून बघा, जराशी हालचाल चालते, खडखड चालत नाही. सहाही घरांना हेच करायचं, एका घराला करून सोडू नका. उघडून चकती वर दाबा, सोडल्यावर ती स्वतःहून पूर्ण खाली बसली पाहिजे.

दुकानदार कंटाळला तरी सहा घरं बघा. आणि काडतुसांचा डबा त्याच दिवशी घेणार असाल तर बुडाचे ठसे एकाच वर्षाचे आहेत का ते पाहून घ्या, सरमिसळ डबे खपवतात.